‘अडचण’ आणि ‘अनर्जित’ : शेतजमिनीच्या विक्रीतले दोन शब्द

शेतजमिनीचे कोणतेही खरेदीखत वाचायला घेतले, तर त्यात एक वाक्य बहुधा भेटतेच. लिहून देणार सांगतो की, घरगुती अडचणीसाठी रकमेची गरज पडल्याने तो ही जमीन कायमची विकत आहे. गट नंबर, क्षेत्र, आकार, चतुःसीमा हे तपशील खतागणिक बदलतात. अडचण बदलत नाही. दवाखान्याच्या बिलासाठी दोन एकर विकणाऱ्याची अडचण तीच, आणि छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपासलगतचा तुकडा बिल्डरला देऊन दोन फ्लॅट आणि एक मोटार घेणाऱ्याचीही अडचण तीच.

हा निबंध या एका शब्दाबद्दल आहे, आणि महसुली कागदांतल्या दुसऱ्या एका शब्दाबद्दल. तो दुसरा शब्द आहे ‘अनर्जित’. जमिनीचा व्यवहार होताना पहिला शब्द विकणाऱ्याच्या तोंडी घातलेला असतो, दुसरा सरकारच्या. शेतजमीन विकली किंवा बिगरशेतीकडे वळवली की कर कोणी, किती आणि कशापोटी द्यायचा, हा प्रश्न आपण सहसा करसल्लागार, तलाठी आणि वकील यांच्यावर सोडून देतो. साहित्याच्या वाचकाने त्यात डोकवावे, याला माझ्या मते एक कारण आहे. कर म्हणजे नुसती आकडेमोड नव्हे. कोणाच्या हाती आलेला पैसा कष्टाचा मानायचा आणि कोणाच्या हाती आलेला आयता, याची एक गोष्ट प्रत्येक करकायदा सांगत असतो. मराठी ग्रामीण साहित्यानेही जमिनीची एक गोष्ट गेली साठ-सत्तर वर्षे सांगितली आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या, तर त्यांचा नायक एकच निघतो आणि दोघींनी गाळलेली माणसेही तीच निघतात. मला दाखवायचे आहे ते हे.

खरेदीखतात ‘अडचण’ आली कुठून, ते आधी पाहू. हिंदू कायद्यानुसार एकत्र कुटुंबाच्या कर्त्याला वडिलोपार्जित जमीन मनाला येईल तशी विकता येत नाही. कुटुंबाची कायदेशीर गरज असावी लागते, किंवा व्यवहार कुटुंबाच्या हिताचा असावा लागतो. उद्या एखाद्या भावाने, पुतण्याने दावा लावला तर ती गरज सिद्ध करण्याची वेळ घेणाऱ्यावर येते. म्हणून दस्त लिहिणारा ती आधीच कागदात घालून ठेवतो. त्या वाक्याचा हेतू घेणाऱ्याचे संरक्षण हा असतो. विकणाऱ्याची व्यथा सांगणे हा नसतो. पण हजारो खतांतून ते वाक्य इतक्या वेळा लिहिले गेले आहे, की जमीन विकणारा म्हणजे अडलेला माणूस, हे समीकरण कागदाचे न राहता मनाचे झाले आहे.

कर पिकामागे चालत होता तेव्हा

ज्या शहराच्या कडेने हे व्यवहार आज होतात, त्या शहराची ओळखच जमीनमहसुलाशी बांधलेली आहे. १६१० साली खडकी वसवणारा मलिक अंबर मराठीच्या स्मरणात लढवय्या म्हणून आहे, तितकाच जमीनधाऱ्याची व्यवस्था लावणारा म्हणूनही आहे. मक्तेदारांकडून होणारी वसुली बंद करणे, जमिनीचा कस पाहणे, प्रत्यक्ष पिकावरून सरकारचा हिस्सा ठरवणे आणि मिरासदारांचा वंशपरंपरागत हक्क मान्य करणे, ही त्याची कामे इतिहासकारांनी नोंदवली आहेत. पुढे औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना, १६५० च्या दशकात, त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान याने मोजणीचे काम पुन्हा हाती घेतले. पावसावरच्या पिकात निम्मा आणि विहिरीच्या पाण्यावरच्या पिकात तिसरा हिस्सा, असा त्याचा सर्वसाधारण हिशेब होता. विहीर खोदणाऱ्याने जास्त खर्च केला आहे, हे त्या हिशेबाला ठाऊक होते.

दर जाचक असो वा सौम्य, या सर्व व्यवस्थांत कर पिकामागे चालत असे.  सरकारचा माणूस शिवारात येई तो पीक बघायला. जमीन पेरलीच नाही, तर खरा पेच पडे. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा त्यांच्या रागाचा मोठा भाग या साऱ्यावर आणि त्याच्या आकारणीवर होता. शेतकरी आणि सरकार यांच्यातले भांडण तेव्हा कणसावर होते.

आज हे चित्र उलटे आहे. शेतीच्या उत्पन्नाला केंद्राचा प्राप्तिकर नाही. राज्यघटनेनेच शेती उत्पन्नावरचा कर राज्यांच्या सूचीत टाकला आहे, आणि राज्ये तो लावण्याच्या भानगडीत फारशी पडत नाहीत. शेतसारा इतका नाममात्र उरला आहे, की तो भरल्याची पावती पैशासाठी कमी आणि कब्जाचा पुरावा म्हणून जास्त जपली जाते. १९७२ मध्ये के. एन. राज समितीने शेतीच्या धारणेवर कर सुचवला होता. तो अहवालातच राहिला. पीक करातून सुटले, आणि कर थांबला तो जमीन शेतीतून बाहेर पडण्याच्या क्षणावर. तलाठी शिवारात येवो न येवो, खरेदीखत आणि बिगरशेतीचा आदेश हे दोन कागद सरकारला चुकवायचे नसतात.

आठ किलोमीटरची रेघ

शेतजमीन विकून झालेल्या नफ्यावर प्राप्तिकर लागतो का? याचे उत्तर जमिनीत काय पिकते यावर नाही. जमीन कुठे आहे यावर आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात शेतजमीन मुळात ‘भांडवली मत्ता’ नव्हती. १९७० च्या वित्त कायद्याने शहरांतली आणि शहरांलगतची शेतजमीन त्या व्याख्येत आणली. त्यावर वाद झाला. शेतजमिनीच्या विक्रीचा नफा हासुद्धा जमिनीपासूनचेच उत्पन्न, म्हणजे शेती उत्पन्नच, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९८१ मध्ये मनुभाई शेठ प्रकरणात म्हटले. संसदेने १९८९ मध्ये पूर्वलक्षी स्पष्टीकरण घालून ते म्हणणे पुसले. थोडक्यात, विकलेली जमीन हे शेतीचे शेवटचे पीक आहे की पहिला धंदा, यावर या देशात वीस वर्षे कायदेशीर वाद चालला. एखाद्या कादंबरीला पुरेल असा हा प्रश्न. मराठीत तो कायद्याच्या पुस्तकांबाहेर आलाच नाही.

आजचा नियम असा. नगरपालिका, महानगरपालिका किंवा कटक मंडळ यांच्या हद्दीतली जमीन, तिथली लोकसंख्या दहा हजार किंवा जास्त असेल तर, करपात्र. हद्दीबाहेर लोकसंख्येप्रमाणे वर्तुळ काढायचे. दहा हजारांहून जास्त ते एक लाखापर्यंत वस्ती असेल तर दोन किलोमीटर, त्यापुढे दहा लाखांपर्यंत सहा किलोमीटर, आणि दहा लाखांवर आठ किलोमीटर. २०१३ च्या वित्त कायद्यापासून हे अंतर हवाई मोजले जाते. १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले. ही वर्तुळे तशीच राहिली.

हे आपल्या शहराला लावून पाहू. २००१ च्या जनगणनेत औरंगाबाद महानगरपालिकेची लोकसंख्या ८,७३,३११ होती. २०११ मध्ये ती ११,७५,११६ झाली. पहिला आकडा धरला तर वर्तुळ सहा किलोमीटरचे, दुसरा धरला तर आठ. मधल्या दोन किलोमीटरांच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याने काहीही केलेले नाही. त्याच्या विहिरीचे पाणी वाढले नाही, रस्ता आला नाही, वीज आली नाही. शहरातल्या माणसांची मोजणी झाली, एवढेच. त्या मोजणीने त्याची जमीन ‘शेती’तून उचलून ‘भांडवला’त ठेवली. पैठण पालिकेची वस्ती लाखाच्या आत, म्हणून तिथे वर्तुळ दोनच किलोमीटरचे. सातारा आणि देवळाई ही गावे महापालिकेत आली तेव्हा नुसती त्यांचीच स्थिती बदलली नाही. हद्द पुढे सरकली म्हणजे वर्तुळही पुढे सरकले, आणि त्यांच्या पलीकडच्या शिवारांवर ते पडले.

याच्या उलट वाळूज परिसर. १९८५ मध्ये तिथे बजाजचा कारखाना सुरू झाल्यापासून त्या पट्ट्याचे शहर झाले आहे, हे डोळ्यांना दिसते. पण तिथल्या दाट वस्त्या कित्येक वर्षे ग्रामपंचायतीच राहिल्या, आणि ग्रामपंचायत कितीही फुगली तरी या कलमाच्या लेखी ती पालिका नव्हे. तिचे स्वतःचे वर्तुळ पडत नाही. शहरात कोण आणि खेड्यात कोण, हे इथे वस्ती ठरवत नाही, पाटी ठरवते.

वर्तुळाच्या आत विकणाऱ्याला २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के दराने कर आहे. त्या तारखेआधी घेतलेल्या जमिनीला महागाई निर्देशांक वजा करून वीस टक्क्यांचा जुना पर्यायही व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना ठेवला आहे. कागदावर किंमत कमी दाखवली तरी मुद्रांक शुल्कासाठीचे सरकारी मूल्य धरले जाते. सुटकेचा एक दरवाजाही आहे. आधीची दोन वर्षे जमीन कसलेली असेल आणि दोन वर्षांच्या आत दुसरी शेतजमीन घेतली, तर तेवढा नफा करातून सुटतो. जमीन विकणारा शेतकरी शेतकरीच राहील, अशी त्या कलमाची भाबडी श्रद्धा आहे. प्रत्यक्षात वेशीजवळची दोन एकर विकून लांबच्या तालुक्यात दहा एकर घेतली जातात, आणि तिथल्या जमिनीचा भाव तिथल्या पिकाला न पेलणारा होतो.

वर्तुळाच्या बाहेर मात्र काहीच नाही. नफा एक लाखाचा असो की एक कोटीचा, ती जमीन भांडवली मत्ताच नव्हे, म्हणून कर नाही. विकणारा सात पिढ्यांचा कुणबी आहे की तीन वर्षांपूर्वी शेतकरी असल्याचा दाखला मिळवून जमीन घेऊन ठेवलेला शहरी गुंतवणूकदार, हे व्याख्या विचारत नाही. व्यवहाराचे स्वरूप व्यापारी आहे असे खात्याने सिद्ध केले तरच गोष्ट वेगळी. ‘अडचण’ या शब्दाचे हे पहिले फळ. ज्याच्यासाठी सवलत कल्पिली, तो अडलेला माणूस पुढे उभा करून त्याच्या मागून बाकीचे सगळे जातात.

एन.ए. आणि गुंठा

राज्याचा कर नफ्याकडे पाहत नाही; तो वापराकडे पाहतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम ४२ सांगत आले, की शेतीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतीखेरीज कशालाही वापरायची नाही. ‘अकृषिक’ हा तिथला शब्द. लोकांनी तो कधी उचलला नाही, त्यांनी एन.ए. ही दोन अक्षरे उचलली. पैठण रोड, जालना रोड, नगर रोड, कुठल्याही रस्त्याने बाहेर पडा, फलकांवर हीच अक्षरे. नकारातून जन्मलेला शब्द, आणि बाजारात त्याहून मोलाचे विशेषण नाही.

या परवानगीबरोबर अकृषिक आकारणी येत असे आणि कलम ४७-अ खाली रूपांतरण कर येत असे. तो आकारणीच्या पटीत असे. म्हणजे चौरस मीटर गुणिले दर, गुणिले पट. जमिनीची किंमत दहापट झाली की शंभरपट, याच्याशी त्याचा संबंध नसे. विनापरवाना वापर केला तर आकारणीच्या चाळीस पटींपर्यंत दंड असे. २०१४ पासूनच्या दुरुस्त्यांचा कल परवानगीची पायरी काढण्याकडे आहे. विकास आराखड्यात ज्या वापरासाठी जमीन दाखवली आहे त्यासाठी वर्ग १ च्या भोगवटादाराने वेगळी परवानगी मागायला नको, गावठाणापासून दोनशे मीटरच्या आत नको, आणि असेच पुढे. परवानगीच्या खिडकीवरचा त्रास आणि तिथला हात ओला करण्याचा रिवाज पाहता, हे स्वागतार्ह आहे. पण यातून एक गोष्ट उघड झाली. शेतजमीन राखणे हा या कराचा हेतू फारसा नव्हताच; तो दरवाजावरचा टोल होता.

टोल चुकवण्याचा रस्ता म्हणजे गुंठेवारी. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेताचे गुंठे पाडून, एन.ए. न करता, साध्या स्टँप पेपरवर ते विकले गेले, आणि आपल्या शहराच्या मोठ्या कष्टकरी वस्त्या अशाच उभ्या राहिल्या. २००१ मध्ये राज्याने गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला. १ जानेवारी २००१ ही त्याची मर्यादा. २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. नियमित व्हायचे तर प्रशमन शुल्क आणि विकास आकार भरायचा. तो कोण भरतो? ज्याने शेत विकून नफा घेतला तो नव्हे, मधला प्लॉट पाडणाराही नव्हे. ज्याने घामाच्या पैशांतून एक-दोन गुंठे घेऊन पत्र्याचे छप्पर घातले, तो. जमीन शेतीतून बाहेर पडल्याचा कर वीस वर्षांनी, त्या व्यवहारातल्या सर्वांत दुबळ्या माणसाकडून वसूल झाला.

१२ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने नोंदणी विभागाने तुकड्यांचे दस्त नोंदवणेच थांबवले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ रोजी ते परिपत्रक आणि त्यामागचा नोंदणी नियम रद्द केला. प्रश्न या शहराच्या हवेत किती मुरलेला आहे, याची ही खूण.

अनर्जित कोणाचे?

आता दुसरा शब्द. अनर्जित म्हणजे न कमावलेले. ही कल्पना इंग्लंडातून आली. जॉन स्टुअर्ट मिलने एकोणिसाव्या शतकात म्हटले, की जमीनदार झोपेत असतानाही श्रीमंत होतो. समाज वाढतो म्हणून जमिनीची किंमत वाढते, तेव्हा त्या वाढीत समाजाचा वाटा हवा. अमेरिकेत हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये यावरच सगळे अर्थशास्त्र उभे केले. दोघांचाही रोख बड्या जमीनमालकांवर होता.

आपल्या महसुली भाषेत ‘अनर्जित उत्पन्न’ कोणाला लागते? भोगवटादार वर्ग २ ला. म्हणजे ज्याला जमीन सरकारकडून मिळाली त्याला : भूमिहीन म्हणून पट्टा मिळालेला, पुनर्वसनात जमीन मिळालेला, गायरानावरचे अतिक्रमण नियमित झालेला. त्याने ती विकायची तर आधी परवानगी, आणि मग नजराणा म्हणजेच अनर्जित उत्पन्नातला सरकारचा हिस्सा. तो हिस्सा किरकोळ नसतो. बाजारमूल्याच्या निम्म्याच्या घरात आणि काही प्रकारांत त्याहून वर जातो. वर्ग १ च्या भोगवटादाराच्या बाबतीत ‘अनर्जित’ हा शब्द उच्चारलाच जात नाही.

मराठवाड्यात याला एक इतिहास आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत पडीक आणि गायरान जमिनींची मागणी होती. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय सरकारने घेतला. अनेक दलित कुटुंबांच्या नावावर आलेली पहिली जमीन हीच, आणि तीही दगडगोट्यांची. ती नांगराखाली आणायला एक पिढी खपली. कायद्याच्या भाषेत मात्र तिच्या वाढलेल्या किमतीला ‘न कमावलेले’ म्हणायचे.

समजा, वर्तुळाबाहेरच्या एकाच गावात दोन शेते बांधाला बांध लावून आहेत. एक वर्ग १ चे, एक गायरानाच्या पट्ट्याचे. जवळून नवा महामार्ग गेला आणि दोन्हींची किंमत दहापट झाली. महामार्ग दोघांपैकी कोणीच बांधला नाही. पहिला विकेल तेव्हा त्याच्या खतात ‘अडचण’ लिहिली जाईल आणि नफ्यावर एक रुपयाही कर लागणार नाही. दुसरा विकेल तेव्हा त्याच्या फायलीवर ‘अनर्जित’ लिहिले जाईल आणि निम्मी रक्कम जाईल. एकच वाढ, एकच कारण, आणि दोन शब्द. शब्दाची निवड कष्ट पाहून झालेली नाही. जमीन कोणाकडून आली ते पाहून झाली आहे.

सरकारी जमीन दलालांच्या घशात जाऊ नये म्हणून वर्ग २ चे बंधन आहे, असे याचे समर्थन केले जाते, आणि त्यात तथ्य आहे. परवानगीची अट त्या भीतीपोटी समजू शकते. पण भीती दलालाची आणि वसुली पट्टेदाराकडून, हे समर्थनात बसत नाही. कुळांच्या जमिनींबाबत राज्याने हे २०१४ मध्ये मान्यही केले. खरेदी प्रमाणपत्राला दहा वर्षे झाली असतील, तर आकाराच्या चाळीस पट एवढा नाममात्र नजराणा भरून कुळाला विक्रीची मोकळीक दिली. कुळाची वाढ ‘अनर्जित’ राहिली नाही. पट्टेदाराची राहिली.

कादंबरीतली जमीन

आपल्या साहित्याने या बदलाचे काय केले? आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (१९७१) ट्रॅक्टर येतो आणि गड्याचा जनावरांशी असलेला संसार मोडतो. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’त धरण येते आणि गाव उठते. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये शिकलेल्या शेतकरी मुलाची कोंडी आहे. तिन्ही मोठ्या कादंबऱ्या आहेत, आणि त्यांनी जे पाहिले ते खरेच होते. पण तिन्हींत जमिनीवर संकट येते ते यंत्राचे, सत्तेचे, कर्जाचे. ग्रामीण कादंबरीच्या मुख्य प्रवाहात जमीन हिरावली जाते, बुडते, गहाण पडते. ती चांगल्या भावाने, आनंदाने, सल्लागाराला विचारून विकली गेल्याचे दृश्य मध्यभागी क्वचितच येते. जमीन विकून आलेल्या पैशाचे पुढे काय झाले, ही गोष्ट सर्वांत गाजवली ती एका चित्रपटाने, प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने (२०१८). त्यातही विकणाऱ्याच्या घराची दुर्दशाच आहे. मुलगा गुन्हेगारीकडे वळतो. विकले म्हणून बुडाला, असा त्याचा नीतिपाठ.

साहित्याचा हा नायक आणि खरेदीखतातला अडलेला माणूस हे एकच आहेत. प्राप्तिकराच्या व्याख्येतला, जमीन विकूनही भांडवलदार न होणारा शेतकरीही तोच. मी याला ढोंग म्हणणार नाही. अडलेला शेतकरी आपल्या आसपास आजही आहे आणि मराठवाड्यातल्या आत्महत्यांनी ते पुन्हा पुन्हा सांगितले आहे. पण एकाच प्रतिमेने सगळे शिवार व्यापले की तिच्या सावलीत इतर माणसे दिसेनाशी होतात. तीन माणसे मला दिसतात.

पहिली, खतावर सही करणारी बहीण. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. जमीन कोरडवाहू होती तोवर हा हक्क कोणाच्या लक्षातही नव्हता. वर्तुळ जवळ आले आणि बहिणींना दिवाळीला मानाने बोलावणे सुरू झाले. फराळाबरोबर नाममात्र मुद्रांकाचे हक्कसोडपत्र. सहसा सरकारलाही तिच्यापर्यंत काही पोचल्याचे दिसत नाही, कारण तिने काही विकलेले नसते. तिने सोडलेले असते.

दुसरा, त्या शेतावर राबणारा सालगडी आणि मजूर. जमीन विकली गेली की त्याचे काम जाते. किमतीत त्याला वाटा नाही, करात त्याचा उल्लेख नाही. बिडकीनला औद्योगिक पट्ट्यासाठी शेतकऱ्यांना एकरी २३ लाख रुपये मिळाले. सक्तीच्या संपादनाच्या मोबदल्यावर प्राप्तिकराची सूट आहे, आणि ती असायलाच हवी. पण ‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दात सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस अजूनही अंग चोरूनच उभा आहे.

तिसरा, वर सांगितलेला पट्टेदार. आणि त्याच्या शेजारी गुंठ्याचा धनी. यांच्या घरातही वाढलेली किंमत, भावाभावांतले वैर, अचानक आलेला पैसा आणि त्याचा अपराधभाव आहे. कादंबरीला लागते ते सगळे तिथे आहे.

एक आक्षेप

शेतकरी चळवळीतून आलेला वाचक मला इथे थांबवील. तो म्हणेल, शेतमालाचे भाव पाडून सरकारने शेतकऱ्याला आयुष्यभर लुटले. शरद जोशींनी हे उणे अनुदानाच्या हिशेबाने मांडले. मग शेवटी जमीन विकून चार पैसे आले, तर ते न मिळालेल्या मजुरीची थकबाकी आहे. त्यावर कर कसला?

हा आक्षेप मला वजनदार वाटतो. पण तो शेवटपर्यंत नेला, तर तो पट्टेदाराच्या बाजूने जास्त जोरात बोलतो. त्याची थकबाकी अधिक जुनी आहे. आणि तो आठ किलोमीटरच्या आतल्या दोन एकरवाल्यालाही लागू होतो, ज्याला कर आहे. थकबाकीचा हिशेब करायचा तर तो किती वर्षे कसले, किती जमीन होती आणि किती नफा झाला यावर व्हावा. हवाई अंतरावर नव्हे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने १९५६ मध्ये शेतजमिनीवर तिच्या शेतीच्या मूल्याप्रमाणेच कर लावण्याची पद्धत सुरू केली. पुढे ती इतर राज्यांत पसरली, आणि त्यांतल्या अनेकांनी अशी अट घातली, की जमीन शेतीतून बाहेर काढली तर मागच्या काही वर्षांची सवलत परत करायची. आपल्याकडे ती जशीच्या तशी बसणार नाही, कारण आपल्याकडे परत घेण्याजोगा जमीनकरच नाही. पण तिच्यात एक समज आहे : सवलत कसण्यासाठी असते, आणि हिशेब कसण्याच्या काळाचा होतो.

माझे मागणे त्याहून साधे आहे. लहान खातेदाराला भरपूर सूट देणारी एकच मर्यादा असावी. तिच्या वरची वाढ, जमीन वर्तुळाच्या आत असो वा बाहेर, वर्ग १ असो वा २, एकाच मापाने मोजावी. रस्त्यामुळे, कारखान्यामुळे, शहराच्या वाढीमुळे आलेली किंमत अनर्जित असेल तर सगळ्यांची अनर्जित. कष्टाची असेल तर सगळ्यांची कष्टाची. त्यातून येणारा पैसा त्याच गावाच्या पाणी-रस्त्याला आणि काम गेलेल्या मजुराला मिळावा.

कायदा करणारे हे ऐकतील तेव्हा ऐकतील. साहित्याला त्यांची वाट पाहण्याचे कारण नाही. २०२७ च्या जनगणनेत माणसे पुन्हा मोजली जातील, आकडे प्रसिद्ध होतील, आणि महाराष्ट्रातल्या किती तरी गावांभोवती नवी वर्तुळे पडतील. त्या रात्री अनेक घरांत भाऊ हिशेबाला बसतील आणि कोणी तरी बहिणीला फोन लावील. तिथे नेमके काय बोलले जाते, हे खरेदीखतात कधीच येणार नाही. ते लिहिणारा माणूस मराठीत हवा आहे.